हृदयातले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

मीरा रोड-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला पाण्याचा पंप शिकवावा लागत नाही. तळटाकीतलं पाणी गच्चीवर चढतं आणि पंप बंद झाल्यावर ते परत खाली येऊ नये म्हणून पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. आपल्या हृदयातही असे चार व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा आहेत. मिनिटाला ७२ ठोके धरले तर प्रत्येक झडप दिवसाला लाखावर वेळा उघडते-मिटते, वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा. मेंटेनन्ससाठी एक दिवसाचीही सुट्टी नाही!

झडप दोन प्रकारे बिघडते. एक तर पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात आणि वाट अरुंद होते. नाहीतर त्या नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळतं. डावीकडची मायट्रल झडप निरोगी असेल तर ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीडपर्यंत किंवा त्याखाली आली की आजार गंभीर समजतात. रक्त फुप्फुसात तुंबतं, जिना चढताना धाप लागते, आडवं झोपवत नाही.

तपासणीत आपला बर्नुली भेटतो. इको मशीन ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजतं. वेगाच्या वर्गाला चारने गुणलं की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल तर फरक ६४, म्हणजे झडप फारच अरुंद. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी लागलेल्यांनी नोंद घ्यावी.

म्हातारपणी झडपेवर कॅल्शियम साचतं, काहींमध्ये जन्मतःच दोष असतो. पण आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा बिघडतो. त्यांच्याशी लढणारी शरीराची फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर तुटून पडते. सांधे बरे होतात, झडपेवरचा व्रण मात्र राहतो.

माझ्या मावशीचं असंच झालं. लहानपणी घसा दुखला, ताप आला, मग गुडघे सुजले. वाढीचं दुखणं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पुढे दुसऱ्या बाळंतपणात धाप लागायला लागली तेव्हा इको झाला. काही रुग्णांची चिकटलेली झडप मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते. मावशीची त्यापलीकडे गेली होती, ती बदलावी लागली.

तिला बसवली ती चित्रा झडप. परदेशी झडपा महाग, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने देशी झडप बनवायला घेतली. तीन नमुने नापास झाले. चौथा पास झाला: कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि आत कलणारी पॉलिथिलीनची तबकडी. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. आजवर लाखाहून जास्त झडपा बसल्या आहेत. त्यामागे सर्जनइतकेच आपल्यासारखे इंजिनिअरही आहेत.

पण झडप बदलली म्हणजे सुटका नाही. रात्री घर शांत असलं की मावशीच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. माझा धाकटा भाऊ तिला 'घड्याळमावशी' म्हणतो. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज, आयुष्यभर, रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. पालेभाजीसुद्धा बेतानेच, एकदम कमी-जास्त करून चालत नाही.

हे सगळं टळलं असतं ते पेनिसिलिनने. हॉस्टेलच्या खोलीत चौघं दाटीने राहतात, तिथे घशाचे जंतू झटपट पसरतात. बहुतेक घसेदुखी साध्या विषाणूंची असते, ती आपोआप जाते. पण तापासकट घसा खूप दुखला, गिळवेना, तर मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या गिळू नका, डॉक्टरला दाखवा. त्यांनी दहा दिवसांचा कोर्स दिला तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवू नका. ज्यांना हा ताप पूर्वी येऊन गेलाय, त्यांनी साधारण तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन परीक्षेच्या दिवसांतही चुकवू नये. गावी धाकटी भावंडं असतील तर त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. ५ ते १५ हेच या तापाचं वय. पुढच्या फोनवर घरी तेवढं सांगा.