आठवणींच्या तारा पाण्यावरून कशा शोधतात

मी डब्लिनजवळ, समुद्रकाठच्या डून लेरीत राहते आणि डब्लिनच्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्रावर काम करते. सांगलीहून आलेली आई पूर्वेच्या धक्क्यावर फिरताना विचारते, "अगं, त्या फोटोत माणसाच्या आठवणी दिसतात का?" आठवणी दिसत नाहीत. पण त्या घडवण्यात हात असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग बाकीच्या मेंदूशी कसा जोडलेला आहे, याचा अंदाज आता बांधता येतो.

हिप्पोकॅम्पस साधारण कानांच्या पातळीला आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांची फेफरं थांबावीत म्हणून तो दोन्हीकडून बराचसा काढला गेला, आणि नवीन घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मूळच्या डब्लिनच्या एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की, लंडनच्या टॅक्सीचालकांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आकार मोजला तरी तारा कुठे जातात ते मात्र कळत नाही.

त्यासाठी आपल्याच मेंदूतलं पाणी कामी येतं. पाण्याचे रेणू मज्जातंतूच्या लांबीला धरून सहज सरकतात, आडवे कमी. यंत्र अनेक दिशांनी ही हालचाल टिपतं आणि संगणक दिशेला दिशा जोडत रेघ ओढतो. चांगल्या स्कॅनमधला, चित्राचा एक ठोकळाही साधारण सव्वा मिलिमीटरचा, आणि त्यात हजारो तंतू! ते एकमेकांना छेदतात तिथे गणित फसू शकतं. निरोप कुठून कुठे जातो, हेही रेघ सांगत नाही. म्हणून त्या रंगीत चित्रांना कुणी फोटो म्हटलं की मी लगेच थांबवते; तो हिशेबाने काढलेला अंदाज आहे.

२०२२ मध्ये सिडनीच्या मार्शल डाल्टन आणि सहकाऱ्यांनी रेघा हिप्पोकॅम्पसच्या आत शिरून तिथेच संपू शकतील अशी पद्धत बसवली. डाल्टन आधी मॅग्वायर यांच्याबरोबर लंडनमध्ये होते. कपाळामागच्या भागाशी जोडण्या अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या, डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टीच्या भागांशी मात्र जास्त. आठवणं आणि पाहणं इतकं जवळचं असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे स्कॅन तरुण, निरोगी माणसांचे होते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लवकर झळ पोचते, पण उतारवयात निश्चल पडून राहणं अवघड जातं. डोकं जरासं हललं तरी एवढ्या बारीक रेघा बिघडतात. म्हणून मी उशीच्या दोन्ही बाजूंना नीट आधार लावते, आवाज मोठा येईल हे आधीच सांगते, आणि घाई करत नाही.