लेहेंग्याचा भाव आणि अड्ड्यावरचे रोज

लग्नसराईत हल्ली गिऱ्हाईक मोबाईलमधला फोटो दाखवीतच दुकानात शिरते. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्माने इटलीतील लग्नात सब्यसाचीचा फिका गुलाबी लेहेंगा घातला, तेव्हापासून लालभडक रंगावर अडून बसणाऱ्या आयासुद्धा फिके रंग मागू लागल्या. फोटोत एक गोष्ट दिसत नाही. त्या एका पोशाखावर ६७ कारागीर ३२ दिवस बसले होते; म्हणजे २,१४४ रोज!

आपल्याकडे तसाच नग पंधरा दिवसांत मागतात आणि व्यापारीही मान डोलावतो. मग काम अड्ड्यावरून कॉम्प्युटर मशीनवर जाते, बिलावर मात्र 'जरदोजी' राहते. ही सरळ फसवणूक आहे. मशीनचा माल जरूर विका, पण मशीनचा म्हणून. अस्तर लागण्यापूर्वी कापड उलटून पाहावे: मशीनचे टाके मागून एकसारखे, हातकामात गाठी व लहानमोठे टाके.

कारखानदार बंधूंनी नगावर भाव सांगू नये. आधी रोज मोजावेत. सलमा, दबका, कटदाना यांचा खर्च वेगळा लिहावा. मागाहून नवरीची खाला 'आणखी चार बुट्ट्या घाला' म्हणाली, तर त्यांचेही रोज लावता येतात.