स्वस्त देश कोणाला स्वस्त?

घरून काम करणाऱ्या तरुणांत सध्या एक हिशोब फार चालतो: काम लॅपटॉपवरच करायचं, तर पुण्याचं भाडं भरण्यापेक्षा एखाद्या शांत, स्वस्त देशात जाऊन राहावं. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर-किनवटकडून पुणे-हैदराबादला गेलेल्या मुलांनाही तो पटतो. पण असले सल्ले बहुतेक डॉलर-युरोत कमावणाऱ्यांसाठी असतात. कमाई एका चलनात आणि खर्च दुसऱ्या, हलक्या चलनात, या फरकातून त्यांची बचत होते. रुपयात पगार घेणाऱ्याच्या वाट्याला हा फरक फारसा येत नाही. भूतानच बघा. देश शेजारचा आणि शांत, भारतीयांना व्हिसा लागत नाही, तिथल्या चलनाचा भावही रुपयाइतकाच बांधलेला. तरी भारतीय पर्यटकाला दर रात्री 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. महिन्याचे झाले 36,000, आणि त्यात ना खोली ना जेवण.

दुसरा गैरसमज व्हिसाचा. ‘पर्यटक म्हणून जायचं, लॅपटॉपवर काय चाललंय ते कोण बघतंय?’ असं सर्रास म्हटलं जातं. पर्यटक व्हिसावर दूरस्थ काम चालतं की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि म्हणूनच 2020 नंतर अनेक देशांनी अशा कामासाठी निराळा परवाना काढला. त्याच्या अटी वाचल्या की स्वस्ताईची हवा उतरते. मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहत असलेल्या मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला दरमहा 1500 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं; डॉलर 85 रुपयांना धरला तरी सव्वा लाखाच्या वर. मलेशिया तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांकडून वर्षाला 24,000 डॉलरची कमाई मागतो, तर थायलंडचा 2024 मध्ये आलेला पाच वर्षांचा व्हिसा 5 लाख बातची शिल्लक. थोडक्यात, कमी पगारात भागवू पाहणाऱ्यासाठी ही दारं उघडलेली नाहीत.

तिसरा समज असा की देश सोडला की इथला प्राप्तिकरही सुटतो. आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात राहिलात तर तुम्ही निवासी, आणि मग जगभरच्या कमाईवर इथे कर. त्याहून कमी राहून अनिवासी ठरलात, तरी पुण्याच्या कंपनीचा पगार नांदेडच्या खात्यात जमा होत असेल, तर तो भारतात मिळालेलं उत्पन्न म्हणून करपात्र ठरू शकतो. शिवाय, ज्या देशात राहाल तोही ठरावीक दिवसांनंतर कर मागू शकतो. कंपनीची लेखी परवानगीही हवीच, कारण तुमच्या तिथे बसण्याने तिच्यावरही परक्या देशातल्या कराची जबाबदारी येऊ शकते.

यावर कोणी नेपाळचं नाव घेईल. हरकत रास्त आहे: तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि 1950 च्या करारात एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची मुभा आहे. पण मग तुलना काठमांडूची पुण्याशी का करायची? स्वस्त आणि शांत एवढंच हवं असेल, तर ती हिमायतनगरशी करायला हवी. इथे व्हिसा नाही, शुल्क नाही, आजारपणात माणसं जवळ आहेत, आणि ऑफिसने बोलावलंच तर नंदीग्राम एक्सप्रेसचं तिकीट काढून मुंबई गाठता येते. ‘इथे लाइट जाते, नेट तुटतं’ ही तक्रार खरी आहे. पण दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि एक इन्व्हर्टर यांचा खर्च परदेशाच्या एका विमान तिकिटाहून जास्त नाही. जग बघायची हौस असेल तर जरूर जावं, फक्त त्याला बचत म्हणू नये. पगाराचं चलन, व्हिसाची अट आणि भारतात राहण्याचे दिवस, या तीन गोष्टी कागदावर मांडून जुळल्या, तरच पुण्याची खोली सोडावी.