रंगीत सोनोग्राफी म्हणजे भारी सोनोग्राफी नव्हे

वळच्या गोदामांत हजेरीवर राबणाऱ्या घरांत सून गरोदर राहिली की प्रश्न हमखास निघतो, ‘साधी सोनोग्राफी करायची की रंगीत?’ आम्ही पडलो कारकून. बिल वाचता येते एवढ्या भरवशावर मंडळी डॉक्टरांची चिठ्ठी आमच्यापुढे ठेवतात. रंगीतला पैसे जास्त, तेव्हा तीच चांगली, असा हिशेब असतो. साडी घेताना तो चालेल, इथे चालत नाही.

सोनोग्राफीत एक्स-रे नसतो. कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतात. मऊ मांसातून हा आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते. प्रतिध्वनी पडद्यावर कसा मांडायचा, यावरून प्रकार पडतात.

सर्वांत जुना ‘ए-मोड’. त्यात चित्र नसते, नुसते उंचवटे दिसतात. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढायला तो आजही उपयोगी पडतो.

आपण जिला साधी, काळी-पांढरी म्हणतो ती ‘बी-मोड’, म्हणजेच टू-डी. हिला कमी लेखू नका. पाणी काळे दिसते, हाड पांढरे, पित्ताशयातला खडा पांढरा आणि त्याच्यामागे काळी सावली. बाळाचे डोके, मणका, मांडीचे हाड, वार कुठे आहे, पाणी किती आहे, हे सारे हिच्यातच पाहतात. १८ ते २२ आठवड्यांत व्यंग शोधण्याची तपासणी होते, तिचा मुख्य भार याच चित्रावर असतो.

‘एम-मोड’ एकाच रेषेवरची हालचाल वेळेप्रमाणे काढून दाखवतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे ठोके मोजायला हाच बरा मानतात, कारण डॉपलरने ठोके मोजण्यापेक्षा यात बाळापर्यंत कमी ऊर्जा जाते.

आता रंगीत, म्हणजे कलर डॉपलर. हा काही रंगीत फोटो नव्हे. वाहत्या रक्ताची दिशा आणि वेग कळावा म्हणून यंत्र रंग भरते. साधारणपणे यंत्राच्या दांड्याकडे येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात. लाल शुद्ध, निळे अशुद्ध, ही समजूत चुकीची. आईचा रक्तदाब वाढला किंवा बाळाची वाढ खुंटली, तर नाळेतून रक्त नीट जाते का हे डॉपलरच सांगतो. अशा वेळी डॉक्टरांनी लिहून दिला तर पैशांसाठी टाळू नये.

थ्री-डीत अनेक कापांचे चित्र जोडून चेहरा दिसतो. फाटलेल्या ओठाचा संशय असेल तर त्याची मदत होते. नुसत्या फोटोसाठी मात्र हजेरीचे पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रकार कोणताही असो, मुलगा की मुलगी हे सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. महाराष्ट्राने याविषयी १९८८ साली कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. ‘थ्री-डीत कळेल’ असे सांगून जादा पैसे मागणारा भेटला, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी. अर्ज आम्ही लिहून देऊ.

खर्चाचे म्हणाल, तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत.