फुलं हवीत? आधी पाणी तोडा

वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं, पन्हेऱ्यांचं गाव. आंबिया बहार घ्यायचा असला की इथला बागायतदार डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की फेब्रुवारीच्या सुमारास फांद्या फुलांनी पांढऱ्या होतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. मृग बहारासाठी हाच ताण मे महिन्यात.

गंमत अशी, की बगिच्यात हा नियम पाळणाऱ्याच्याच अंगणात मोगऱ्याला बारा महिने बादलीनं पाणी पडतं! जास्त पाणी, जास्त फुलं, हा सगळ्यात चिवट गैरसमज. सतत ओल मिळाली की मोगरा नुसता पालवत राहतो. डिसेंबरात त्याचं पाणी तोडावं, छाटणी करावी आणि जानेवारीअखेर शेणखत घालून पाणी सुरू करावं. उन्हाळ्यात कळ्या लागतात. बोगनवेलही हात आखडल्यावरच फुलते. गुलाब-जास्वंदाला मात्र हा प्रयोग नको, त्यांच्या कळ्या गळतात. कुंडीतल्या झाडालाही महिनाभराचा ताण सोसत नाही. पानांनी मान टाकली की पाणी द्यावं.

दुसरा भ्रम खताचा. युरियात 46 टक्के नत्र असतं आणि नत्र वाढवतं ते पान. हिरवागार पण वांझ जास्वंद बहुधा याच लाडाचा बळी, नाहीतर सावलीचा. पाच-सहा तासांचं ऊन नसेल तर कुठलंही खत वायाच.

चुना मिळावा म्हणून अंड्याची टरफलं घालता? वऱ्हाडच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर आहे. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तिथे बहुतेक वेळा या जादा चुन्यामुळेच झाडाला लोह मिळत नसतं.

कात्री लावायला लोक घाबरतात. पण गुलाबाची फुलं नव्या फुटीवरच येतात; ऑक्टोबरात छाटलं तर साधारण दीड महिन्यात फुलतो. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा मात्र लगेच काढावा. तो रानगुलाबाचा असतो आणि वरचं कलम उपाशी ठेवतो. संत्र्याच्या खुंटावर आलेली फूट इथला पन्हेरीवाला दिसताक्षणी खुडतो, ती याचसाठी.

शेवंतीची गोष्ट निराळीच. तिला कळ्या धरायला लांब, अंधारी रात्र लागते. खत-पाणी करूनही ती अडून बसली असेल, तर कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली नाही ना, ते एकदा बघा.