ई-मेलखालची स्वाक्षरी: कृषी संशोधकाने काय लिहावे?

ई-मेलच्या तळाशी आपोआप उमटणाऱ्या ओळी बहुधा नोकरीत रुजू झाल्यावर एकदा लिहिल्या जातात आणि पुढे कित्येक वर्षे तशाच राहतात. दरम्यान पद बदलते, बदली होते, क्वचित संस्थेचे नावही बदलते. बंगळुरूच्या ज्या संस्थेला आज आपण राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखतो, तिचे नाव २००९ आणि २०१४ असे दोनदा बदलले. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. अशा काळात स्वाक्षरीत जुनी नावे राहिली, तर नमुन्यांचे पार्सल पाठवणारा शेतकरी पत्त्यावरच अडखळतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. या ओळींना आपण स्वाक्षरी म्हणतो खरे; पण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये ज्या डिजिटल स्वाक्षरीला मान्यता आहे, ती ही नव्हे. ती गणिती कूटपद्धतीवर उभी असते आणि मजकुरात फेरफार झाल्यास तो उघड करते. ई-मेलखालच्या ओळी कोणीही टंकलिखित करू शकतो, कोणाच्याही नावाने. त्यामुळे बियाणे किंवा खताची विक्रेतेगिरी देऊ करणाऱ्या, सुबक बोधचिन्ह असलेल्या ई-मेलवर केवळ खालच्या ओळी पाहून विश्वास ठेवू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता ज्या डोमेनवरून आला आहे, ते आधी पाहावे.

तरीही या ओळींना अर्थ आहे, आणि तो व्यवसायागणिक बदलतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षरांकांचा ओळख क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल आणि संकेतस्थळ असल्यास त्याचा पत्ता छापणे बंधनकारक आहे. म्हणून कीटकनाशक वा बियाणे कंपनीच्या प्रतिनिधीची स्वाक्षरी लांबट असते आणि तशी असणे योग्यच आहे. डॉक्टरांना औषधचिठ्ठीवर राज्य वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. तोच ई-मेलखाली आला तर रुग्णाला पडताळणी सोपी जाते. वकिलांचे याच्या अगदी उलट. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमानुसार वकिलाच्या नामफलकावर वा पत्रकागदावर त्याने पूर्वी न्यायाधीशपद भूषवल्याचा किंवा अमुक प्रकारच्या कामात तो विशेष जाणकार असल्याचा उल्लेखही चालत नाही. आपल्याकडील काही स्वाक्षऱ्या पाहिल्या की असा एखादा नियम कृषिशास्त्रज्ञांनाही असावा, असे वाटून जाते. नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीएच.डी.’, त्याखाली तीन विद्वत्सभांची सदस्यत्वे, त्याखाली पुरस्कार. आणि दूरध्वनी क्रमांक मात्र नाही.

कीटकशास्त्रज्ञाच्या हाताशी यासाठी एक जुना नमुना आहेच. संग्रहालयातील टाचणीवर कीटकाखाली इवलीशी चिठ्ठी असते. तिच्यावर स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढेच असते. त्याखाली दुसरी चिठ्ठी असते, ती ओळख पटवणाऱ्याची, वर्षासह. कीटक कोणी पकडला आणि तो अमुक जातीचा आहे असे कोणी ठरवले, या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. चिठ्ठी नसलेला देखणा भुंगा संशोधनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. ई-मेलमधूनही आपण ओळख आणि सल्ला देत असतो. तो कोणी, कोणत्या पदावरून आणि कोणत्या विषयाच्या अधिकारात दिला, हे वाचणाऱ्याला कळायला हवे. केवळ ‘शास्त्रज्ञ’ एवढे लिहिण्यापेक्षा ‘शास्त्रज्ञ (कृषी कीटकशास्त्र)’ असे लिहिले, तर रोगाविषयीचा किंवा खताविषयीचा प्रश्न योग्य सहकाऱ्याकडे जातो.

कीटकनाशकांच्या सल्ल्यात तर ही बाब फारच गंभीर ठरते. कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी होते आणि लेबलावर पीक, कीड, मात्रा व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो. कपाशीसाठी लिहिलेला सल्ला कोणीतरी मधलाच परिच्छेद उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि तो मिरचीच्या शेतात जाऊन पोचतो. स्वाक्षरी मागेच राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी या विषयात सैलपणा परवडणारा नाही. म्हणून पीक, कीड, दिनांक आणि लेबलाची मर्यादा मजकुराच्या त्याच परिच्छेदात लिहावी, तळाच्या ओळींवर सोपवू नये. तळाशी लांबलचक गोपनीयतेची सूचना चिकटवून ही जबाबदारी टळत नाही. ती सूचना शेतकरी वाचतही नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. विद्यापीठ सोडून खासगी उद्योगात गेलेल्या सहकाऱ्यांविषयी आदर आहे. पण कोणी ‘स्वतंत्र पीक सल्लागार’ अशी स्वाक्षरी करून ठरावीक कंपनीची उत्पादने सुचवत असेल आणि त्याला त्या कंपनीकडून मानधन किंवा कमिशन मिळत असेल, तर ते नाते स्वाक्षरीत दिसले पाहिजे. शेतकऱ्याने सल्ला मानावा की नाही, हे ठरवण्यासाठी त्याला ती माहिती लागते.

लांबीविषयी इंटरनेटच्या पत्रशिष्टाचाराचे १९९५ सालचे टिपण आजही उपयोगी आहे. त्यात चार ओळींची मर्यादा सुचवली होती. पहिल्या ओळीत पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत पद आणि विषय, तिसऱ्या ओळीत संस्था व पिनकोडसह पत्ता, चौथ्या ओळीत दूरध्वनी, एवढे बहुतेकांना पुरते. संशोधकाने त्यात ऑर्किड क्रमांक जोडावा. २०१२ पासून मिळणारा हा सोळा स्थानांचा क्रमांक आपल्याकडे विशेष कामाचा आहे. आडनाव आणि दोन आद्याक्षरे सारखी असलेले ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ शोधनिबंधांत किती आहेत, हे आपण जाणतोच. दक्षिणेकडील सहकाऱ्यांची आद्याक्षरे गाव आणि वडिलांच्या नावाची असतात, आपली स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाची. परदेशी वर्गीकरणतज्ज्ञाला हा भेद कळत नाही. तो क्रमांक दिला की प्रश्न मिटतो.

बोधचिन्ह घालावयाचे असल्यास एकच आणि लहान घालावे. किडीची छायाचित्रे मागवणाऱ्यांना हा त्रास परिचित असेल: ई-मेलला पाच जोडण्या दिसतात, उत्सुकतेने उघडाव्यात तर तीन निघतात बोधचिन्हे, एक निघते ‘कागद वाचवा’ असे सांगणारे हिरवे पान, आणि अळी एकाच चित्रात, तीही अंधुक. नाव व दूरध्वनी तर चित्राच्या रूपात कधीच देऊ नये. अनेक ठिकाणी बाहेरून येणारी चित्रे आपोआप रोखली जातात आणि वाचकाला रिकामा चौकोन दिसतो. शिवाय चित्रातला क्रमांक मोबाइलवर दाबून फोन लावता येत नाही.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. राजभाषा नियम, १९७६ नुसार केंद्र सरकारच्या कार्यालयांतील नामफलक आणि पत्रशीर्षे हिंदी व इंग्रजीत असतात; तोच पायंडा ई-मेलमध्ये येतो. मराठी शेतकऱ्याला उत्तर देताना मात्र मराठी स्वाक्षरी असावी. एकाहून अधिक स्वाक्षऱ्या साठवण्याची सोय आता बहुतेक ई-मेल सेवांत आहे; एक राजभाषेतील, एक मराठी, अशा दोन करून ठेवाव्यात. मराठी स्वाक्षरी युनिकोडमध्येच लिहावी. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ अशा आडनावांतील अर्धा र नीट उमटतो की नाही, हे स्वतःलाच एक ई-मेल पाठवून मोबाइलवर तपासावे.

शेतकऱ्यांसाठीच्या स्वाक्षरीत एक पाचवी ओळ मी आवर्जून सुचवेन: ‘किडीचे छायाचित्र पाठवताना गाव, तालुका, पीक, पेरणीचा दिनांक आणि नुकसान झालेल्या पानाचे वेगळे छायाचित्र जोडावे.’ २०१८ मध्ये मक्यावरील लष्करी अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. अशा नव्या किडीच्या प्रसाराचा मागोवा घेताना गाव आणि दिनांक नसलेले छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी नकाशावर कोठे ठेवावे हे कळत नाही. ही ओळ खरीप हंगामापूर्वी, मे महिन्यात, घालून ठेवावी.