ओएलईडी की क्यूएलईडी? टीव्ही ठरवण्याआधी सोप्यातली खिडकी बघा

बेळगाव : टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त गोंधळते ते ओएलईडी आणि क्यूएलईडी या दोन नावांत. इंग्रजी ‘ओ’ला शेपटी काढली की ‘क्यू’ होतो, त्यामुळे खोक्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. आतला मामला मात्र वेगळा आहे आणि किमतीत बऱ्याचदा दुपटीचा फरक पडतो.

ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो खरे तर एलसीडीच. पडदा स्वतः उजेड देत नाही, मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. क्यूएलईडी हा त्याचाच मोठा भाऊ. दिवे आणि पडदा यांच्यामध्ये क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्याने रंग उठून दिसतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि संख्येने खूप जास्त असतात. चित्रात जिथे काळोख आहे तिथले दिवे मंद करता येतात, म्हणून काळा रंग बऱ्यापैकी काळा दिसतो.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला याच्यासारखे चित्र दुसरीकडे मिळणार नाही. बाजूला बसलेल्यालाही रंग फिके दिसत नाहीत.

मग सरळ ओएलईडीच घ्यावा का? इथे घरातली सवय आडवी येते. अनेक घरांत सकाळी लावलेले बातम्यांचे चॅनल दुपारपर्यंत तसेच चालू असते. कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहते. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात, त्यामुळे अशा ठिकाणी कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. नव्या टीव्हीत त्यावर उपाय आहेत, पण धोका पूर्ण गेलेला नाही. हा दोष वॉरंटीत धरला आहे का, ते लेखीच विचारावे. शिवाय सोप्याला मोठी खिडकी असेल आणि दिवसा ऊन आत येत असेल, तर तिथे जास्त उजेड देणारा मिनी एलईडी किंवा चांगला क्यूएलईडी बरा. दुकानात चित्र भडक करून ठेवलेले असते. ते ‘होम’ मोडवर घ्यायला लावावे आणि दोन पावले बाजूला सरकूनही बघावे.

दुरुस्तीचा हिशेबही आधीच करावा. एलईडी टीव्हीचा आवाज येतो पण चित्र अंधारे, असे झाले तर बहुतेक वेळा मागची पट्टी गेलेली असते. गल्लीतला मेकॅनिकही ती बदलून देऊ शकतो. पॅनल फुटले तर मात्र, टीव्ही कुठल्याही प्रकारचा असो, खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

राहिला प्रश्न ‘कोल्हापुरात स्वस्त मिळतो’ याचा. राज्याराज्यांत व्हॅट वेगळा होता तेव्हा त्यात तथ्य असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि बेळगाव, कोल्हापूर, पणजी सगळीकडे दर एकच झाला. ३२ इंचांवरच्या टीव्हीवर २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. मूळ किंमत ४० हजार धरली तर कर ११,२०० वरून ७,२०० वर आला, म्हणजे सरळ चार हजार वाचले. हद्द ओलांडून जे कमी होईल ती दुकानदाराची सूट, कर नव्हे. त्यातून गाडीभाडे वजा करावे. शिवाय वाटेत पॅनलला धक्का लागला तर भांडायला पुन्हा तिकडेच जावे लागते.

टीव्ही घरपोच येणार असेल तर खोके उघडून, टीव्ही चालू करून, पडद्याचे चारही कोपरे बघूनच पावतीवर सही करावी.